चौदावी ओवी काढ बघू

माझी आत्ती बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेत ३२ वर्षं शिकवून निवृत्त झाली. काचबिंदूने तिची नजर गेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, बाजूने येणारी रिक्षा कळेना, मग हळूहळू मधलंही विझलं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. वाचन सुटल्यावर तिचा दिवस फार लांब झाला. म्हणून मी एका पेनड्राइव्हवर ज्ञानेश्वरीचं ध्वनिमुद्रण भरून आणलं, छोट्या स्पीकरला लावून दिलं आणि निश्चिंत मनाने घरी परतलो.

तिसऱ्या दिवशी तिने बोलावून घेतलं. म्हणाली, "सहाव्या अध्यायातली चौदावी ओवी काढ बघू."

मराठीच्या बोलाविषयीची ती ओवी. आयुष्यभर बेळगावात मराठी शिकवलेल्या बाईला ती कुठे आहे हे कुणी सांगावं लागत नाही. तिच्या जुन्या पोथीत त्या पानाचा कोपरा बोटांनी मऊ पडला आहे. मी पेनड्राइव्हवर शोधायला बसलो. अध्यायाची एक सलग फाइल, तासाच्या वरची. थोडं पुढे नेलं तर फार पुढे गेलो, मागे आणलं तर अध्यायाच्या सुरुवातीला पोचलो. वीसेक मिनिटं ती शांत बसून होती. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाळा. हे वाचन न्हवं. हे नुसतं कानावर पडणं झालं. मला मागं जाऊन बघायचं असतंय की."

तिच्या या एका वाक्यामुळे मी डेझी पुस्तकांच्या, म्हणजे न बघताही हवा तो धडा, हवं ते पान काढता येईल अशा बोलक्या पुस्तकांच्या नादाला लागलो. आपल्या भागात कितीतरी घरांत अशी आत्ती, असे आजोबा, असा एखादा शाळकरी मुलगा आहे. त्यांच्यासाठी घरच्या माणसांनी प्रेमाने आणलेली ध्वनिमुद्रणं चार दिवसांत कोपऱ्यात पडतात, आणि घरच्यांना वाटतं, यांना आता वाचनात गोडी राहिली नाही. गोडी असते. पुस्तकात वाट सापडत नाही, एवढंच झालेलं असतं.

डोळस माणूस पुस्तक हातात घेतो तेव्हा तो बऱ्याच गोष्टी नकळत करत असतो. अनुक्रमणिकेवर नजर टाकतो, अंगठ्याने पानं सोडत मथळे बघतो, "ते डाव्या पानावर खालच्या बाजूला होतं" हे आठवून नेमका तिथे जातो. एका पानात बोट अडकवून दुसरं उघडतो. तळटीप नको असेल तर ती नजरेने टाळतो. या सगळ्याला आपण वाचन म्हणतो. आवाजाची सलग फाइल यातलं काहीच देत नाही. ती फक्त वेळ सांगते, ४२ मिनिटं १० सेकंद. पण कुणाच्याही डोक्यात पुस्तक मिनिटांत साठवलेलं नसतं. ते अध्याय, पाठ, पान, परिच्छेद असं साठवलेलं असतं.

ही अडचण जुनीच आहे. १९३० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत अंधांसाठी बोलकी पुस्तकं तबकड्यांवर निघाली, तेव्हा एका कादंबरीला तबकड्यांचा गठ्ठा लागे. मग कॅसेट आल्या. १५ तासांचं पुस्तक म्हणजे ९० मिनिटांच्या १० कॅसेट, आणि हवा तो धडा कोणत्या कॅसेटच्या कोणत्या बाजूला आहे ते ब्रेलच्या चिठ्ठीवर. त्या काळी काही ठिकाणी एक नामी युक्ती करत. धड्याच्या सुरुवातीला अगदी खालच्या पट्टीतला सूर भरून ठेवायचा. साध्या वेगात तो जाणवत नसे, पण टेप भरभर पुढे पळवली की तोच सूर वर चढून 'बीप' असा ऐकू येई. बीप मोजायचे आणि थांबायचं. मला ही युक्ती फार आवडते, कारण माणसांना नुसता आवाज पुरत नव्हता, त्यांना खुणेचे दगड हवे होते, हे तिच्यातून दिसतं.

नव्वदीच्या सुमारास स्वीडनमधल्या बोलक्या आणि ब्रेल पुस्तकांच्या ग्रंथालयाने हा प्रश्न डिजिटल पद्धतीने सोडवायला घेतला. १९९६ साली अनेक देशांतली अशी ग्रंथालयं एकत्र आली आणि डेझी कन्सॉर्टियम स्थापन झालं. डेझी म्हणजे डिजिटल ॲक्सेसिबल इन्फर्मेशन सिस्टिम. नाव लांबलचक असलं तरी आतली कल्पना साधी आहे. आवाजाला पुस्तकाचा सांगाडा जोडायचा.

सांगाडा म्हणजे काय ते आपल्या गावावरूनच बघू. बेळगाव हे गल्ल्यांचं शहर. पत्ता सांगताना आपण आधी भाग सांगतो, शहापूर, वडगाव की अनगोळ. मग गल्ली. मग घर. डेझी पुस्तकातल्या मथळ्यांनाही अशाच पातळ्या असतात, जास्तीत जास्त सहा. दहावीच्या समाजविज्ञानाच्या पुस्तकात पहिली पातळी म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन हे विभाग. दुसरी पातळी म्हणजे त्यातले पाठ. तिसरी म्हणजे पाठातले उपमथळे आणि शेवटचा स्वाध्याय.

वाचकाने आधी ठरवायचं, मी कोणत्या पातळीवर चालणार. पहिल्या पातळीवर असाल तर एका पावलात इतिहासातून राज्यशास्त्रात जाल, शहापुरातून थेट वडगावात. तिसऱ्या पातळीवर असाल तर घरोघर थांबत जाल.

नवशिक्या वाचकाचा गोंधळ होतो तो इथेच. तुम्ही तिसऱ्या पातळीवर घरोघर चालला आहात आणि गल्लीतलं शेवटचं घर संपलं. आता पुढचं पाऊल कुठे पडेल? ते पुढच्या गल्लीतल्या पहिल्या घरात पडत नाही, त्या गल्लीच्या तोंडाशी पडतं, जिथे पाटी आहे. म्हणजे निवडलेल्या पातळीचा किंवा तिच्या वरच्या पातळीचा जो मथळा आधी येईल, तिथे यंत्र थांबतं. तसं नसतं तर कळलंच नसतं की पाठ बदलला. आत्तीला हे पहिल्यांदा चुकीचं वाटलं, "मी स्वाध्याय मागितला, हा पाठाचं नाव का सांगालाय?" गल्लीचं उदाहरण दिल्यावर तिने परत विचारलं नाही.

डेझी वाचायची वेगळी यंत्रं मिळतात. साधारण मोबाइलएवढी, अंगावर उंच बटणं असलेली. त्यांतलं व्हिक्टर रीडर स्ट्रीम जगभर वापरलं जातं. अशा यंत्रांवर जुन्या फोनसारखी आकड्यांची बटणं असतात आणि पाचावर एक बारीक उंचवटा असतो. बोट पाचावर ठेवलं की बाकी सगळी दिशा कळते. दोन आणि आठ, म्हणजे वर आणि खाली, यांनी पातळी निवडायची. चार आणि सहा, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे, यांनी त्या पातळीवर मागे-पुढे जायचं. एवढं जमलं की पुस्तक हातात आलं. पाच दाबलं की यंत्र सांगतं आपण कुठे आहोत, कोणतं पान, कोणता मथळा. आत्ती दिवसातून किती वेळा पाच दाबते याला गणती नाही. डोळस माणूस वाचता वाचता पानाच्या डोक्यावरचा मथळा बघतो ना, तसंच.

दोन-आठ दाबत गेलं की मथळ्यांच्या पातळ्यांशिवाय आणखीही काही मिळतं. पान मिळतं. वाक्यखंड मिळतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या दोन विरामांमधला तुकडा. खूण मिळते. वेळेची उडीही मिळते, पण पुस्तक नीट बनवलेलं असेल तर तिची फारशी गरज पडत नाही.

पानांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण पुस्तकं बनवणारे नेमकं इथेच हात आखडता घेतात. खानापूर तालुक्यातला एक मुलगा दहावीत मराठी माध्यमात शिकतो, जन्मापासून दिसत नाही. वर्गात सर म्हणतात, "पान ८३ काढा." पानांचा सळसळाट होतो आणि सगळी पोरं पोचतात. त्याच्याकडे एका संस्थेने दिलेली सीडी होती. वाचलेलं छान होतं, पण पानांच्या खुणाच नव्हत्या. तो शेजारच्याला विचारायचा की सर काय शिकवतायत, मग अंदाजाने पुढे-मागे करायचा, तोवर सर ८४ वर. डेझी पुस्तकात छापील पुस्तकाची पानं जशीच्या तशी खुणावता येतात. पानाचं बटण दाबायचं, आठ, तीन, ठीक. तो इतरांच्या आधी तिथे असतो.

सुरुवातीची प्रस्तावनेची पानं, मुख्य पानं आणि नकाशासारखी बिनआकड्यांची पानं अशा वेगवेगळ्या खुणा करायची सोयही डेझीत आहे. फक्त पुस्तकाची आवृत्ती तीच हवी. पाठ्यपुस्तक बदललं आणि आपण मागच्या आवृत्तीची पानं खुणावली असतील, तर मुलगा चुकीच्या पानावर जाऊन बसतो आणि चूक त्याचीच आहे असं सगळ्यांना वाटतं.

खुणेचंही तसंच. डोळस माणूस पेन्सिलीने रेघ मारतो. इथे हव्या त्या जागी खूण ठेवता येते, काही यंत्रांत तिच्यासोबत आपल्या आवाजात टिपणही बोलून ठेवता येतं. आणि काही खूण केली नाही तरी यंत्र बंद करून चार दिवसांनी लावलं, तर जिथे थांबलो तिथूनच ते बोलू लागतं. रात्री झोप लागते अशांसाठी ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. वेग वाढवला तरी आवाज चिरका होत नाही, सूर तोच राहतो. आत्ती सुरुवातीला साध्या वेगापेक्षाही हळू ऐकायची, आता दीडपट वेगाने वर्तमानपत्रातले लेख ऐकते. ज्ञानेश्वरी मात्र साध्याच वेगाने. सरावलेली मुलं दुप्पट वेगाने अभ्यास करतात. ते ऐकून आपल्याला काही कळत नाही, पण त्यांना कळतं.

शिवाय काही गोष्टी वगळता येतात. तळटिपा, पान क्रमांकांची घोषणा, चौकटी, चित्रांची वर्णनं, हे सगळं पुस्तक बनवणाऱ्याने वेगळं खुणावलेलं असेल तर वाचक ते चालू-बंद करू शकतो. पहिल्या वाचनात तळटिपा बंद, परीक्षेच्या आधी चालू. डोळ्यांनी टाळण्याचं जे स्वातंत्र्य आपल्याला असतं, तेच हे.

फोल्डर मोडू नका

इतकं सगळं जमतं कसं, हे थोडं आत शिरून सांगितलं पाहिजे, कारण ते माहीत नसल्यामुळे आपल्याकडे पुस्तकं रोज मोडतात. डेझी पुस्तक म्हणजे एक फाइल नव्हे, एक फोल्डर असतो. त्यात आवाजाच्या एमपी-थ्री फाइल असतात. सांगाड्याची एक फाइल असते. डेझी २.०२ या आवृत्तीत तिचं नाव एनसीसी डॉट एचटीएमएल. त्यात मथळे आणि पानं क्रमाने लिहिलेली असतात. आणि मध्ये असतात स्माइल या विस्तारनावाच्या बारीक फाइल. त्यांचं काम दोऱ्याचं. अमुक मथळ्याचा आवाज तमुक फाइलमध्ये इतक्या सेकंदापासून इतक्या सेकंदापर्यंत, एवढंच त्या सांगतात. वाचक सहा दाबतो, यंत्र सांगाड्यात पुढचा मथळा बघतं, दोरा धरून आवाजाच्या नेमक्या सेकंदावर जातं. वाचकाला सेकंद कळत नाहीत, कळायची गरजही नसते.

आता कुणी पाहुण्याने पुस्तक मोबाइलवर पाठवताना "या बाकीच्या फाइल कशाला" म्हणून फक्त आवाजाच्या फाइल पाठवल्या, की सांगाडा आणि दोरा दोन्ही गेले. किंवा कुणी नीटनेटकेपणासाठी आवाजाच्या फाइलींना मराठी नावं दिली. दोरा जुन्याच नावाला बांधलेला असतो, तो तुटला. आमच्या घरात हे झालं आहे, आणि चूक कळायला दोन दिवस गेले. म्हणून पुस्तक द्यायचं तर अख्खा फोल्डर झिप करून द्यायचा, आणि आतलं काहीही हलवायचं नाही.

जागेची काळजी नको. नुसत्या बोलण्यासाठी ३२ केबीपीएस पुरतं, त्यात एका तासाला साधारण १४ एमबी लागतात. १५ तासांचं पुस्तक झालं २१६ एमबीचं. १६ जीबीच्या कार्डावर सत्तरेक पुस्तकं मावतात. एके काळी १० कॅसेट लागत त्या एका पुस्तकाला.

२.०२ ही आवृत्ती २००१ ची, आणि ती अजून सर्रास भेटते. पुढे २००२ साली डेझी ३ आली, २००५ साली तिच्यात सुधारणा झाली. २०११ साली आलेल्या ईपब ३ या फाइल-प्रकारातून तर हाच विचार सगळ्यांच्या ई-पुस्तकांत गेला. मजकुराला आवाज जोडायची सोय तिथेही स्माइलच्याच दोऱ्याने होते. म्हणजे अंधांसाठी शोधलेली वाट आता सर्वांच्या पुस्तकांतून जाते. मोबाइलवर इझीरीडर आणि संगणकावर थोरियम रीडर ही दोन ॲप मोफत आहेत, दोन्हीवर डेझी आणि ईपब उघडतं. वेगळं यंत्र घेणं परवडत नसेल तर इथून सुरुवात करावी. मात्र वयस्कर माणसाला गुळगुळीत काचेवर बोट फिरवण्यापेक्षा उंच बटणं बरी पडतात, हा माझा अनुभव आहे.

आवाज आहे, अक्षर आहे का?

डेझी पुस्तकं सगळी एका जातीची नसतात. काहींत फक्त माणसाचा आवाज आणि मथळ्यांचा सांगाडा असतो. काहींत आवाजासोबत पूर्ण मजकूरही असतो. काहींत आवाज मुळीच नसतो, फक्त मजकूर आणि सांगाडा, तो यंत्रातला कृत्रिम आवाज वाचून दाखवतो. पुस्तक निवडताना हे बघून घ्यावं, कारण फरक मोठा आहे. मजकूर असेल तर शब्द शोधता येतो. अडलेला शब्द अक्षर-अक्षर ऐकता येतो, आणि ऱ्हस्व की दीर्घ हे कळतं. जो मुलगा फक्त ऐकून शिकला, त्याला शब्द ओळखीचे असतात पण लिहिताना हात अडतो. ब्रेलचं यंत्र जोडलं तर तोच मजकूर बोटांखाली उमटतो.

इथे सीमाभागातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. भारती ब्रेल १९५१ सालापासून आपल्या भाषांना समान आहे, एका उच्चाराला सगळीकडे तेच टिंब. मराठीचा 'क' म्हणजे पहिलं आणि तिसरं टिंब. कन्नडचा 'क' म्हणजेही पहिलं आणि तिसरं टिंबच. ज्या गावात पाट्यांवरच्या लिपीवरून माणसांनी आयुष्यं घालवली, त्या गावात बोटाखाली दोन्ही अक्षरं एकच आहेत. आत्तीला हे मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने ब्रेल शिकायचं ठरवलं. सत्तरीनंतर बोटांना ते जड जातं, पण रोज अर्धा तास बसते.

कृत्रिम आवाजाचं मात्र तसं नाही. त्याला कोणता शब्द कोणत्या भाषेतला हे सांगावं लागतं. मोबाइलमध्ये आता मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज मिळतात. संगणकावर एनव्हीडीए हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर दोन्ही बोलतं. पण मराठी पुस्तकात मध्येच कन्नड लिपीतली ओळ आली आणि तिथे भाषेची खूण नसेल, तर मराठी आवाज ती ओळ गाळतो किंवा भलतंच काही ऐकवतो. आपल्याकडच्या मुलाला तर कन्नडही शिकायचं असतं, त्याच्या वहीत दोन्ही लिप्या असतात. म्हणून आपल्या भागासाठी मजकुराचं पुस्तक बनवताना भाषेची खूण करणं हा ऐच्छिक भाग समजू नये.

मराठी पुस्तकं मजकूर म्हणून मिळायला आणखी एक अडसर आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराचा सगळीकडे सारखा संगणकी संकेत, रूढ होण्याआधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तकं. पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षर असतं, फक्त त्याचं चित्र 'क'चं. डोळस माणसाला फरक कळत नाही. वाचक सॉफ्टवेअर पोटातलं वाचतं आणि निरर्थक अक्षरांची बरसात होते. पुस्तक संगणकावरच तयार झालेलं असूनही अंध माणसाला ते स्कॅन करून परत ओळखून घ्यावं लागतं. आणि ओळखताना 'घर'चं 'धर' होतं, 'खाना'चं 'रवाना' होतं, 'भला'चं 'मला' होतं. कुणीतरी बसून ओळ न् ओळ तपासावी लागते. प्रकाशकांना माझी कळकळीची विनंती आहे, नवं पुस्तक युनिकोडमध्ये जुळवा. एवढ्याने तपासणाऱ्याचे महिने वाचतील.

पुस्तकं मिळायची जागा म्हणजे सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय. केंद्र सरकारचा दिव्यांगजन विभाग आणि डेझी फोरम ऑफ इंडिया यांनी ते २०१६ साली सुरू केलं. दृष्टिदोषाचा दाखला देऊन सभासद व्हायचं आणि पुस्तकं उतरवून घ्यायची. ज्यांना पुस्तक हातात धरता येत नाही किंवा अक्षरं जुळत नाहीत, तेही यात बसतात. डोळे जाणं एवढीच अट नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आणि कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशी प्रत तिच्या स्वतःच्या उपयोगासाठी करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही, आणि नफा न घेणाऱ्या संस्थांनाही अशी प्रत करता येते. २०१३ साली याच विषयावर माराकेश करार झाला आणि त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता, जून २०१४ मध्ये. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या ग्रंथालयाने केलेली प्रतही इकडे येऊ शकते. कडोलीच्या, उचगावच्या साहित्य संमेलनात पुस्तकांचे स्टॉल लागतात. नजर होती तोवर आत्ती तिथून पिशवी भरून आणायची. ती पुस्तकं कपाटात आहेत. ती तिच्यासाठी वाचून डेझीत बसवणं हे कायद्याने मान्य काम आहे, चोरी नव्हे, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण घाबरून मागे सरणारी माणसं मी पाहिली आहेत.

आपण कसं करायचं

आम्ही गल्लीतली तिघं-चौघं मिळून हे करतो. साधन ओबी नावाचं, डेझी कन्सॉर्टियमचंच, विंडोजवर चालतं, मोफत आहे. त्यात ध्वनिमुद्रण करायचं किंवा आधीचं आणायचं, मग ते शांततेच्या जागा ओळखून आवाजाचे वाक्यखंड पाडतं. आपण मथळे आणि पानं खुणावायची. शेवटी ते फोल्डर तयार करून देतं.

वाचायला बसण्याआधी सांगाडा ठरवावा. आम्ही सुरुवातीला उलटं केलं, आधी वाचून काढलं आणि मग मथळे शोधत बसलो. दुप्पट वेळ गेला. आता पुस्तक घेऊन आधी पेन्सिलीने प्रत्येक मथळ्यापुढे पातळीचा आकडा लिहितो. चित्र आलं तर त्यात काय आहे ते दोन वाक्यांत सांगायचं आणि वर्णन संपलं असंही सांगायचं. तक्ता आला तर आधी स्तंभांची नावं, मग ओळीने. वाचण्याबद्दल आत्तीचा एकच नियम आहे, "वाचणाऱ्यानं वाचावं, नाटक करू नये."

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आम्ही तिच्यासाठी असाच केला. ओव्या पाचशेच्या आसपास. प्रत्येक ओवीला मथळा करावा का, यावर आमचा वाद झाला. मथळे केले तर सहाच्या बटणाच्या एका दाबाला एक ओवी, पण मग पाचशे मथळ्यांची अनुक्रमणिका ऐकणार कोण? शेवटी अध्याय पहिल्या पातळीवर, दर पन्नास ओव्यांना दुसऱ्या पातळीचा मथळा, आणि ओवी मात्र एका वाक्यखंडात. त्यासाठी वाचणाऱ्याने ओवीच्या मध्ये थांबायचं नाही, फक्त शेवटी थांबायचं. आमच्यातल्या एकाने तीनदा सराव करून ते साधलं. आत्तीने यंत्र हातात घेतलं, दोन-आठ करून वाक्यखंडावर आली आणि सहा दाबू लागली. ओठ हलवत मोजत होती. चौदाला थांबली. ऐकली. चार दाबून परत ऐकली. मग तेरावीवर गेली, कारण चौदावी कळायला तेरावी लागते, असं तिचं शाळेपासूनचं म्हणणं.

सध्या खानापूरच्या त्या मुलाच्या समाजविज्ञानाचं काम चालू आहे. भूगोलाचे तीन पाठ राहिलेत आणि नकाशांची वर्णनं अजून मनासारखी जमलेली नाहीत. शाळा सुरू झाली आणि पाऊसही. आमच्या खोलीवर पत्रे आहेत. पावसाचा आवाज भरला की ओबीला शांततेच्या जागा सापडत नाहीत आणि दोन-दोन पानांचा एकच खंड होतो. म्हणून पहाटे पाचला उठून बघतो, उघडीप असेल तर तेवढ्यात वाचून घेतो, घंटागाडी यायच्या आत.